वैनी, तुम्हाला माहीत होतं

वैनी,

इतकी वर्षं वाकून नमस्कार केला, आजही नमस्कारच लिहिते. पण हे पत्र पाकिटात घालून पाठवत नाही. पाकीट तुम्ही न फोडताच चुलीत घातलं असतंत आणि घरात कुणाला कळलंही नसतं. आपल्या घरात माझ्याबद्दलचं सगळं असंच दाराआड ठरत आलं. म्हणून या वेळी उघड्यावर लिहिते. नावं लिहीत नाही, तुमचंही नाही, माझंही नाही, कारण लेक अजून उजवायची आहे. तुमच्या हातात हे पडलं की तुम्ही ओळखालच.

गेल्या माघात मी दोन दिवस गावी आले होते. पडवीत तुम्ही आणि शेजारच्या काकू सुपारी सोलत बसला होतात. मी माजघरात लेकीचे कपडे घडी करत होते. काकू कुणाच्या तरी मुलाचं सांगत होत्या, मुंबईला असतो, तब्येत धरत नाही, लग्न करावं की थांबावं. तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "आमच्या धाकट्याच्या वेळी डॉक्टर नकोच म्हणत होता. रक्तात दोष आहे म्हणाला. आम्ही म्हटलं, बायको आली की सुधारेल."

मग काकू पावसाचं काहीतरी बोलल्या आणि तुम्हीही पावसाचं बोललात. मी लेकीची ओढणी हातात धरून तशीच उभी राहिले. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "भाकरी टाकू का गं तुझ्यासाठी?" मी हो म्हटलं. भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

माझं लग्न १९९८ सालच्या वैशाखातलं. मी वीस वर्षांची, म्हसळ्याकडची, दहावी झालेली. मुलगा मुंबईला रे रोडच्या लोखंडाच्या वखारीत कामाला, शिवडीला गावमंडळाच्या खोलीत राहतो, गावी वाडी आहे, पोफळी आहेत, माड आहेत. एवढं ऐकून बाबांनी होकार दिला. त्या खोलीत आपल्या गावचे दहा-बारा जण झोपायचे, आठ वर्षं हेही तिथेच राहिले होते. पत्रिका पाहिली, गुण जुळले, मंगळ नाही याची खातरी केली. रक्त काही कुणी पाहिलं नव्हतं, असं मी पुढे सत्तावीस वर्षं समजत राहिले. तेव्हा कुणाला काय कळत होतं, असं म्हणून मी बाबांना बोल लावला नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्हाला तर कळलं होतं.

आणि बाहेरच्या जगालाही कळलेलं होतं. पुण्यात डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचं रक्त तपासलं होतं. हे तेच डॉक्टर, कोविडच्या काळात टीव्हीवर रोज दिसायचे. त्या बायकांतल्या ३९१ जणी धंद्यातल्या नव्हत्या. घरसंसार करणाऱ्या, बहुतेक जणींनी नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष पाहिलेला नाही. त्यांच्यात शंभरात जवळजवळ चौदा जणींना एचआयव्ही निघाला. हे १९९७ साली छापून आलं, माझ्या हळदीच्या आदल्या वर्षी. आपल्या गावात ते मासिक कोण वाचणार, हे मला समजतं. पण तुमच्याकडे तर डॉक्टर स्वतः सांगत होता.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी तापाने फणफणले. श्रावणी सोमवार होता, उपास सोडायलाही उठता आलं नाही. घसा सुजला, मानेला गाठी आल्या, पाठीवर बारीक पुरळ उठलं. नाक्यावरच्या डॉक्टरने पावसाचा ताप म्हणून गोळ्या दिल्या आणि आठवड्यात मी बरी झाले. आता मी मुंबईत आमच्यासारख्या बायकांच्या गटात काम करते, तेव्हा त्यांना हा ताप आधी सांगते. विषाणू अंगात शिरला की साधारण दोन ते चार आठवड्यांत तो येतो, कुणाला येतही नाही, आणि आपोआप जातो. मग काहीच होत नाही. आठ वर्षं, दहा वर्षं. बाई नळावर पाणी भरते, पोळ्या लाटते, गणपतीला एसटीने गावी येते, मोदकांना कळ्या पाडते. आतमध्ये अंगाची राखण करणाऱ्या सीडी-४ पेशी तेवढ्या कमी कमी होत जातात. धडधाकट माणसात त्या पाचशेच्या वर असतात, कुणात हजार-बाराशेही. दोनशेच्या खाली उतरल्या की मग टीबी गाठतो, तोंडात पांढरा थर धरतो, नागीण उठते, जुलाब थांबत नाहीत. लोक त्याला एड्स म्हणतात. पण त्याच्या आधीची ती आठ-दहा वर्षं केवढी असतात, वैनी. त्यात एखाद्या गणपतीत तुम्ही मला विहिरीवर बाजूला घेऊन एक वाक्य बोलू शकला असतात.

२००२ साली मला दिवस गेले. मुंबईत पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलं, तिथे सगळ्यांचं रक्त तपासायचे. सात नंबरच्या खोलीतल्या बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे काय?" त्यांनी परत सांगितलं. घरी जाऊन मी यांना सांगितलं तर हे भिंतीकडे तोंड करून झोपले. घरात पहिलं रक्त माझं तपासलं गेलं, म्हणून दुखणं माझ्या नावावर चढलं. हे माझ्या एकटीचं नाही. गरोदरपणात तपासणी होते म्हणून घरात आधी बाईचं कळतं, आणि जिचं आधी कळलं तिनेच आणलं, असा हिशेब घराघरांत लागतो. सासूबाईंनी तो लावला, त्यांना मी माफ केलं, त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं असं मला वाटतं. तुम्ही मात्र चुलीपाशी उभ्या राहून म्हणालात, "मुंबईचं पाणी हिलाच लागलेलं दिसतंय." हे वाक्य बोलताना तुम्हाला सगळं माहीत होतं. हे मला आत्ता, या माघात कळलं. बाकीच्या सगळ्या वर्षांवर हे एकच जड होऊन बसलं आहे.

लेक झाली. कळा सुरू झाल्यावर मला नेव्हिरापीनची एक गोळी दिली आणि बाळाला तीन दिवसांच्या आत त्याच औषधाचे थेंब. अंगावर पाजायचं नाही असं मी ठरवलं, डबा आणला. तेव्हा तुम्ही बारशाला आला होतात. सगळ्या बायकांसमोर विचारलंत, "काय गं, दूध नाही का तुला?" छाती दगडासारखी झाली होती माझी, वैनी. मोरीत जाऊन पिळून टाकत होते. अठराव्या महिन्यात लेकीची तपासणी झाली, निगेटिव्ह. कागद हातात आला त्या दिवशी कौतुक करायला घरचं कुणी नव्हतं. मी शिवडीच्या फाटकाजवळ एक वडापाव घेतला आणि अर्धा तिला भरवला.

तोवर हे गेले होते. २००३ च्या पावसाळ्यापासून खोकला, संध्याकाळचा ताप, शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात दोन महिने. त्या काळात तुम्ही पाटल्या मोडल्यात. हे मी विसरलेले नाही आणि कधी विसरणार नाही. भावोजींनी कर्ज काढलं. पण औषध कुठलं आणायचं हेच कुणाला धड सांगता येत नव्हतं. मुंबईच्याच सिप्ला कंपनीने २००१ साली तीन औषधांचा एकत्र खर्च वर्षाला साडेतीनशे डॉलरवर आणून दाखवला होता, म्हणजे तेव्हाचे सोळा-सतरा हजार रुपये. जगभर त्याचं नाव झालं, कारण परदेशी कंपन्या त्याच औषधांचे दहा-दहा हजार डॉलर घेत होत्या. सरकारने ती औषधं फुकट द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ ला. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलात. हे संक्रांतीनंतर दहा दिवसांनी गेले. सव्वादोन महिन्यांचा फरक पडला. त्या सव्वादोन महिन्यांसाठी मी कुणावर रागावू, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

तेराव्यानंतर माझं ताट वेगळं झालं. स्टीलचंच ताट, पण काठावर तुम्ही नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलात, इतर ताटांत मिसळू नये म्हणून. ठिपका घासून घासून उडायचा आणि तुम्ही पुन्हा लावायचात. ताटातून, पेल्यातून, एका मोरीत आंघोळ केल्याने, डास चावल्याने, लेकराला कडेवर घेतल्याने हे पसरत नाही, असं डॉक्टरांनी भावोजींना समोर बसवून सांगितलं होतं. कदाचित त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. मग चौथ्या महिन्यात हक्कसोडपत्राचा कागद आला. "तुला काय करायची वाडी, औषधपाण्याला आम्ही बघू," असं म्हणून माझी सही घेतलीत. औषधपाण्याला कधी कुणी पाहिलं नाही. मी लेकीला घेऊन परत शिवडीला गेले, चार घरी पोळ्या धरल्या.

आता माझ्या दुखण्याचं सांगते, कारण ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. २००४ मध्ये माझा सीडी-४ ४१२ निघाला. फुकट गोळ्या तेव्हा दोनशेच्या खालच्यांना. "सहा महिन्यांनी या." पुढे ती अट साडेतीनशेवर आली, मग पाचशेवर, आणि २०१७ पासून अटच राहिली नाही, निदान झालं की गोळ्या सुरू. पण मी त्या आधीच्यातली. दर सहा महिन्यांनी मी स्वतःचा आकडा उतरताना पाहत होते. ३४०, २९५, २६०. तिजोरीतली नाणी मोजावीत तसा तो कागद मी मोजायची. २००७ मध्ये १८७. तोवर वजन अडतीस किलो, कमरेवर नागीण, जिन्यावर दम. तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीत स्टॅव्युडीन असायचं, त्याने गाल बसायचे, हातापायांच्या शिरा वर यायच्या, तळव्यांना आग व्हायची. २००९ च्या गौरींना मी आले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "आतून पोखरली गं ही." ते औषधाने झालेलं होतं, दुखण्याने नाही. औषध बदललं, पण गाल परत भरून आले नाहीत. आता रात्री नऊला एकच गोळी आहे, आणि तपासणीत विषाणू सापडत नाही इतका दबला आहे. असा दबलेला विषाणू शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागत नाही.

आमच्या प्रशिक्षणात एका डॉक्टर ताईंनी अमेरिकेचा एक अभ्यास सांगितला होता. १९९३ पासून बाल्टिमोर, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, प्रॉव्हिडन्स अशा चार शहरांतल्या बायकांच्या मागे ते लोक वर्षानुवर्षं राहिले. शहरातल्या गरीब वस्तीतल्या बायका, आमच्यासारख्याच. त्यातल्या ७६५ पॉझिटिव्ह बायकांचं मन कसं आहे, हे ते दर भेटीला विचारायचे. सतत उदास राहणाऱ्या बायकांत मरणाचं प्रमाण इतरांपेक्षा दुप्पट निघालं, बाकीच्या गोष्टी हिशेबात धरूनसुद्धा. वर्गात सगळ्या जणी टिपून घेत होत्या, माझा हात चालेना. मला ते ताट दिसत होतं. माझ्या रक्तातले आकडे उतरत होते त्या तीन वर्षांत तो लाल ठिपका किती वेळा नव्याने लागला, हे कुठल्या कागदावर येणार?

त्याच ताईंनी आणखीही सांगितलं. बाल्टिमोरमध्येच असं दिसलं होतं की सुरुवातीला बाईच्या रक्तात विषाणू पुरुषापेक्षा बराच कमी सापडतो, पण एड्सपर्यंत ती पोचते त्याच्याच वेगाने. म्हणजे आकडा बघून हिला अजून वेळ आहे म्हणावं, तर वेळ नसतो. आणि एड्स कशाला म्हणायचं याची अमेरिकेची यादी आधी पुरुषांची दुखणी पाहूनच केलेली होती. बायकांनी आरडाओरडा केला, त्यातल्या काही जणी त्या भांडणातच मेल्या, तेव्हा १९९३ मध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग त्या यादीत आला. आमच्यात हा कर्करोग होण्याचा धोका इतर बायकांच्या सहापट. माझी ती तपासणी पहिल्यांदा झाली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. त्याआधी पंधरा वर्षं मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या रांगेत उभी होते, कुणी विचारलं नाही आणि मला विचारायचं माहीत नव्हतं.

टाळेबंदीत मी गावी आले. लेकीचं कॉलेज बंद, पोळ्यांची घरं बंद. शाळेत विलगीकरणाचे चौदा दिवस काढून घरी आले तेव्हा माझ्याकडे तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. बाटलीवरचं लेबल तुमच्या पोरांनी वाचू नये, म्हणून बाटल्या मी मुंबईतच टाकल्या आणि वर्तमानपत्राच्या पुड्या करून ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवल्या. ३ जूनला दुपारी निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढलं. आधी कौलं गेली, मग पडवीचे पत्रे. मागच्या वाडीत पोफळी काडीसारख्या मोडत होत्या आणि त्या आवाजात आपण सगळे देवघरात एकमेकांना धरून बसलो होतो. रात्री पाऊस थांबला तेव्हा तुम्ही वाडीकडे पाहून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात. मी तुमच्या पाठीवरून हात फिरवत होते. दुखणं कळल्यापासून एकाच घरात वावरलो, पण तेवढी एक रात्र तुम्ही मला शिवलात.

सकाळी ट्रंक उघडली. साड्या भिजून चिंब, आणि पुड्यांत कागदाची शाई आणि गोळ्यांचा लगदा झालेला. झाकणाची बाटली असती तर एक गोळी भिजली नसती. रस्त्यांवर झाडं आडवी, वीज नाही, फोन मुके. अकरा दिवस मी गोळीविना होते. गोळी चुकली की विषाणू औषधाला सरावतो, मग ते औषध चालत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून रात्री नऊ वाजले की पोटात कालवायचं. शेवटी एक कार्यकर्ती अलिबागहून दुचाकीवर, वाटेतली झाडं ओलांडत आली. तिने बाटली पिशवीत लपवून दिली. तुम्ही विचारलंत, "कोण होती?" मी म्हटलं, बचतगटाची बाई. वादळाची नुकसानभरपाई सातबारावर नाव असलेल्यांना मिळाली. मी मागितली नाही.

एवढं सगळं मी गिळलं असतं. पण या वैशाखात लेकीचं स्थळ ठरत आलं होतं. मुलगा माणगावचा, सज्जन घर. तुम्ही त्यांच्या मावशीला फोन केलात. माझ्या लेकीचं रक्त निगेटिव्ह आहे, ती नोकरी करते, तिला कसलंही दुखणं नाही, हे तुम्ही सांगितलं नाहीत. तिची आई तसली आहे, एवढंच सांगितलंत. चार दिवसांत निरोप आला, पत्रिका जुळत नाही. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. विश्वासात कळलेलं कुणाचं एचआयव्हीचं त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायला त्यात मनाई आहे. मी तक्रार करणार नाही. तुमच्या विरुद्ध उभं राहून मला पाटल्यांचंही सांगावं लागेल, आणि ते मला जमणार नाही.

देशात माझ्यासारखी माणसं पंचवीस लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात चार लाखांच्या आसपास, आणि दर दहांत चारांहून जास्त बायका. त्यातल्या किती जणींच्या सासरी कुणीतरी आधीच काही जाणून होतं, हे कुठल्या यादीत नाही. आमच्या गटातल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा एक जण, आगरी आहे, उरणकडची, म्हणाली, "माझ्या सासूलाही माहीत होतं, मला दहा वर्षांनी दिराने सांगितलं." मग दुसरी बोलली. मग सगळ्या गप्प बसल्या.

वाडी नको. सही परत नको. माणगावचं स्थळही आता नको, लेकीनेच नाही म्हटलं. माझ्या लेकीला एकदा समोर बसवून सांगा, की तुझ्या आईने हे आणलं नाही, हे आम्हाला माहीत होतं. मी सांगितलं तर ती मला समजावते, पाठीवर हात फिरवते, आई जाऊ दे म्हणते. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला ते कळेल.

आणि मला एक सांगा. साखरपुडा ११ मार्चला होता. नारळ माझ्या ओटीत तुम्हीच घातलात, माझी हनुवटी धरून म्हणालात, "गोरीपान आहे हो पोर." डॉक्टरने सांगितलं ते त्याच्या आधी, की नंतर?

तुमची धाकटी जाऊ